माझ्या पाठीमागची ऊब

मित्रांनो, ट्रकच्या केबिनमध्ये चढून बसलात की काचेखाली जो लांब, काळपट भाग आडवा पसरलेला दिसतो आणि ज्यावर पाय ठेवू नका असे ड्रायव्हर बजावतो, तो मी. मी एक जुना डॅशबोर्ड आहे. माझ्या अंगावर वेगाचा काटा आहे, डिझेलचा काटा आहे, हवा बाहेर सोडणाऱ्या जाळ्या आहेत आणि उन्हाने पडलेल्या पुष्कळ भेगा आहेत. अक्कलकुव्याचे वहाबभाई माझे मालक. माझ्या भेगांवरून बोट फिरवत ते कधी कधी आपल्या अहिराणीत म्हणतात, "पुरा नकाशा शे. नर्मदा बी दिसस नी तापी बी."

माझा जन्म एका कारखान्यात, गरम प्लास्टिकच्या साच्यात झाला. आमचा ट्रक उत्तरेच्या थंड डोंगरात चालणार होता, म्हणून त्यात हीटर बसवलेला होता. मला जागेवर चढवण्याआधी कामगारांनी माझ्या पाठीमागच्या डब्यात तांब्यापितळेची एक छोटी जाळी सरकवली. तिला मिस्तरी लोक हीटरची कॉइल म्हणतात. इंजिनातले गरम पाणी तिच्या बारीक नळ्यांतून फिरते, मागून पंखा वारा सोडतो, आणि तो वारा गरम होऊन माझ्या जाळ्यांतून काचेवर आणि माणसांच्या हातांवर येतो. ती अंधारात राहणार होती आणि मी सगळ्यांच्या नजरेसमोर. त्या दिवशी मला तिची कीव आली होती.

ती कीव फार टिकली नाही. थंड प्रदेशात माणसे केबिनमध्ये चढली की आधी हीटरची चौकशी करीत. हात माझ्या जाळ्यांवर धरीत आणि म्हणत, "वा, काय हीटर आहे!" हात माझ्या अंगावर आणि कौतुक तिचे! मित्रांनो, शेजाऱ्याच्या घरचे पाहुणे रोज आपल्याच ओसरीवर बसून शेजाऱ्याची तारीफ करू लागले, तर तुम्हाला कसे वाटेल?

पुढे ट्रक लिलावात निघाला आणि हात बदलत बदलत वहाबभाईंकडे, नंदुरबार जिल्ह्यात आला. इथला उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. थंडीसाठी घडवलेला मी मार्च ते जून काचेआडून येणारे ऊन झेलत राहिलो. आधी माझा रंग गेला, मग लवचीकपणा गेला, मग भेगा पडल्या. ती मात्र माझ्या सावलीत बसून होती. उन्हाळाभर तिचा खटका बंद असे, म्हणजे तिला सक्तीची सुट्टी. ऊन मी खायचे आणि हिवाळा आला की मान तिने घ्यायचा! हेवा वाटू नये तर काय वाटावे?

त्यातच आमच्या वाट्याला स्ट्रॉबेरी आली. मोलगीच्या वरच्या पाड्यांवर थंडी चांगली पडते, म्हणून तिथले शेतकरी आता हे फळ लावतात. ते पहाटे तोडायचे आणि ऊन चढण्याआधी घाट उतरून अक्कलकुव्याला पोचवायचे, हे काम वहाबभाईंकडे होते. त्या शेतकऱ्यांपैकी आमश्या मालासोबत केबिनमध्ये बसून येई. त्याची पहिली मागणी ठरलेली असे, "वहाबभाई, तुझी शेगडी लाव." हीटरला तो शेगडी म्हणे. माझ्याकडे त्याने कधी पाहिलेही नाही.

आता ज्या चुकीमुळे पुढचे सारे घडले ती सांगतो. एकदा घाटात रेडिएटर गळू लागला. आमच्याकडच्या जुन्या ड्रायव्हरांचा यावर एक घरगुती उपाय आहे. रेडिएटरमध्ये हळद टाकायची. हळद पाण्यात फिरते, बारीक छिद्राशी जाऊन फुगते आणि गळती थांबते. वहाबभाईंनी हळद टाकली आणि गळती थांबली. त्यांना उपाय इतका आवडला की जरा थेंब दिसला की ते घरातून हळद आणू लागले. पण तेच पाणी कॉइलच्या बारीक नळ्यांतूनही फिरते, हे त्यांच्या ध्यानात आले नाही.

हळूहळू माझ्या जाळ्यांतून येणारा वारा कोमट झाला, मग गार. मला आतून बरे वाटले. मी मनाशी म्हणालो, बाईसाहेब थकल्या! मग केबिनमध्ये कुबट वास येऊ लागला. वहाबभाईंच्या पायाखालची चटई ओली राहू लागली. काचेवर आतून एक चिकट पडदा धरू लागला, तो पुसावा तितका पसरे. आतून तुंबलेली कॉइल फुटली होती.

या जानेवारीतल्या एका पहाटे घाट उतरताना काच पार आंधळी झाली. वहाबभाई एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने रुमालाने काच पुसत होते. वळण आले ते त्यांना दिसले नाही, आमश्याला दिसले. "डावीकडे! डावीकडे घे!" तो ओरडला. चाक कठड्याच्या दगडाला घासून थांबले.

मग आमश्या म्हणाला, "वहाबभाई, तू माणूस चांगला. पण मला घरी पोरं आहेत."

"माले बी शेतस," वहाबभाई म्हणाले.

"परवा पहाटे मोठी तोड आहे. काच साफ असली तर ये. नाही तर पाड्यावरचे लोक त्या नव्या पिकअपवाल्याला सांगतील. मी नाही म्हणू शकणार नाही."

डोंगरातला माणूस कुणालाही अहोजाहो करीत नाही, पण त्या 'तू'मध्ये पुष्कळ संकोच होता. वहाबभाईंनी नुसती मान हलवली. हिवाळ्यात आमच्या ट्रकला हे एकच काम असते आणि हा ट्रक सोडून त्यांच्याकडे दुसरा व्यवसाय नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही हमरस्त्यावरच्या विनोद मिस्तरीच्या गॅरेजात उभे होतो. विनोद मूळचा चिंचपाड्याचा, तिकडची बोली वेगळी, पण गिऱ्हाइकांशी बोलून बोलून त्याची अहिराणी चांगली झाली आहे. त्याने चटई उचलून वास घेतला.

"कॉइल गई, चाचा. दोन्ही पाइप जोडी देऊ, हीटर बंद. आठे कोनले लागस हीटर?" इथल्या उन्हात हीटर हवा कोणाला, असे त्याचे म्हणणे होते.

"आठे नही लागत, घाटमा लागस. पहाटमा काच आंधयी व्हई जास."

"मंग पुरा डॅशबोर्ड काढना पडी." विनोदने माझ्यावर टिचकी मारली. "नी हाऊ डॅशबोर्ड नही शे चाचा, पापड शे."

"पापड शे ते पापडसारखा उचल."

"तुटना ते माले बोलानं नही."

"तुटना ते तुटू दे," वहाबभाई म्हणाले. "प्लायवूड ठोकी देसूत. माले काच साफ पायजे."

मित्रांनो, हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले. तिच्यासाठी मला तोडायला ते तयार होते! उन्हात इतकी वर्षे त्यांच्यापुढे उभा राहिलो तो मी, आणि माझ्या जागी एक प्लायवूडची फळी चालणार होती. तिच्या जागी मात्र कॉइलच लागणार होती. त्यासाठी सुरतेच्या जुन्या बाजारातून न वापरलेली, चकचकीत कॉइल आदल्या दिवशीच मागवलेली होती. वहाबभाईंनी ती कागदातून काढली आणि स्वतःच्या खिशातल्या रुमालाने पुसून सीटवर ठेवली. मला पुसायला नेहमी सीटखालचे मळके फडके असते.

विनोदने पाणी काढले, दोन्ही पाइप सोडले, स्टिअरिंगचे बोल्ट ढिले करून ते खाली टेकवले. मग माझे स्क्रू निघाले. तारा सुटल्या. हवेत अजून गारठा होता आणि माझे अंग काचेसारखे ताठ झाले होते. विनोदने डावीकडून धरले, वहाबभाईंनी उजवीकडून, आणि वहाबभाईंना घाई होती. त्यांनी ओढले. माझ्या मधोमध कडाड असा आवाज झाला आणि एक भेग वरपासून खालपर्यंत धावत गेली.

"ये अल्ला!" आवाज बाहेरून आला. वहाबभाईंच्या पत्नी जन्नतबी चहाची किटली घेऊन आल्या होत्या. त्यांनी केबिनमध्ये डोकावून पाहिले. "अजी, ठंडी में तो मेरी प्लास्टिक की बाल्टी भी हाथ लगाते फूट जाती. जरा धूप तो चढने दो."

"तू चाय दे. मेस्तरी मत बन."

"मेस्तरी नहीं बनती. पर बाल्टियाँ तो मैंनेच तोडी हैं ना."

विनोद हसला आणि त्याने हात बाजूला घेतला. "चाची खरं सांगी ऱ्हायनी, चाचा. थांबसूत."

"थांबसूत कसं? पहाटे माल शे मन्हा!"

"दुपारपावत थांबनं पडी. ओढी काढं नी तुकडा उडीन नवी कॉइलले लागना, ते दोन्ही गयात."

माझी गोष्ट असती तर वहाबभाई थांबले नसते. नव्या कॉइलचे नाव निघाले म्हणून ते थांबले. मला ते कळले आणि बोचलेही.

गॅरेजातल्या पोरांनी ट्रक ढकलून त्याचे तोंड सूर्याकडे केले. विनोद गरम पाण्यात पिळलेली फडकी माझ्या कडांवर ठेवत राहिला. जन्नतबींनी किटलीतला उरलेला चहा सगळ्यांना वाढला. वहाबभाई गॅरेजपुढे येरझाऱ्या घालत होते, सूर्याकडे आणि घाटाकडे आळीपाळीने पाहत होते. ज्या उन्हाने मला खंगवले होते, तेच ऊन त्या दिवशी हळूहळू माझ्या अंगात शिरले आणि अंग सैल झाले. दुपारी त्यांनी पुन्हा धरले, या वेळी हळूच, खालून हात घालून. नवी भेग घेऊन का होईना, मी एकसंध बाहेर आलो.

त्यांनी मला जमिनीवर गोणपाटावर उलटे ठेवले. मग विनोदने डब्यातून जुनी कॉइल काढली, तेव्हा आयुष्यात प्रथमच मी तिला समोरून पाहिले. मित्रांनो, ती शाळेतल्या पाटीपेक्षाही लहान होती. हिचा मी इतकी वर्षे हेवा केला? तेव्हाही सगळे तिच्याभोवती जमले होते आणि मी पालथा पडून होतो.

विनोदने ती फरशीवर आपटली. तिच्या तोंडातून पिवळा, घट्ट चिखल बाहेर आला. त्याने एक नळी कापली. ती आतून पूर्ण पिवळी होती.

"चाचा, हाई काय शे? हयद?"

वहाबभाई दुसरीकडे पाहू लागले. जन्नतबींनी मात्र वाकून तो चिखल बोटाने चिमटला आणि हुंगला.

"मेरी हल्दी! मैं सोचूँ, डब्बा इतनी जल्दी खाली कैसे होता है. घर की दाल सफेद, और गाडी का पेट पीला!"

गॅरेजातले सगळे हसले. वहाबभाईही शेवटी हसले आणि म्हणाले, "आते नही टाकाव."

मी हसलो नाही. ती पिवळी नळी मला दिसत होती. माझी भेग सगळ्यांना दिसली, तिची थट्टा झाली, निदान कोणी बोट तरी फिरवले. कॉइल मात्र आत गुदमरत होती आणि कोणाला पत्ता नव्हता. मी तिला लागून होतो, मलाही नव्हता. मला वाटले होते की तिने काम टाकले. खरे तर ज्या हळदीने रेडिएटर वाचत होता, ती तिच्या गळ्यात साचत होती. विनोदने तिला भंगाराच्या ढिगावर टाकले. कोणीही रुमाल काढला नाही.

नवी कॉइल डब्यात बसली. मला परत चढवण्याआधी विनोदने माझ्या नव्या भेगेच्या दोन्ही बाजूंना तापलेल्या सळीने बारीक छिद्रे पाडली आणि तांब्याच्या तारेने टाके घातले. वहाबभाई म्हणाले, "ऱ्हावू दे ना, कोन देखस?" विनोद म्हणाला, "खडखड करी, चाचा. रस्ताभर तुम्हनंच डोकं दुखी." मी पुन्हा जागेवर बसलो. रेडिएटरमध्ये नुसत्या पाण्याच्या जागी या वेळी खरे कूलंट गेले.

दुसऱ्या पहाटे आम्ही डोंगर चढलो. पाड्यावर आमश्या खोक्यांच्या ओळीजवळ अंगावर गोधडी घेऊन उभा होता. त्याने आधी दार उघडले, काचेला आतून हात लावला आणि बोटे पाहिली. बोटे कोरडी होती. मग त्याने मागे वळून आपल्या माणसांना हाक मारली, "भरा!"

घाट उतरताना धुके दाट होते, पण काच स्वच्छ होती. जिथे चाक दगडाला घासले होते ते वळण वहाबभाईंना लांबूनच दिसले. त्यांनी हळू केले आणि वळवले. मग आमश्याने दोन्ही हात माझ्या जाळ्यांवर धरले.

"वहाबभाई, काय शेगडी आहे रे!"

झाले! पुन्हा तिचेच कौतुक, आणि तेही कालच आलेल्या नवीचे! मित्रांनो, माझा हेवा संपला असे मी तुम्हाला खोटे सांगणार नाही. तो होताच. पण त्याच वेळी मला जाणवले की ती ऊब माझ्या पाठीतून येत होती आणि माझ्या टाक्यांना शेक देत होती. आमश्याची बोटे उबेच्या शोधात जाळीवरून सरकली आणि टाक्यांवर थांबली.

"हे काय?"

"फुटना व्हता. तारना टाका मारात," वहाबभाई म्हणाले.

"आम्ही टोपलं बांधतो तसं बांधलंय," आमश्या म्हणाला, आणि अक्कलकुवा येईपर्यंत त्याने हात तिथून काढला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखे कुणी असेल, जे तुमच्यासाठी ऊन झेलता झेलता ठिसूळ झाले आणि आता कामात आडवे येते. घाई असली तरी त्याला ओढू नका. थोडे ऊन चढू द्या, खालून हात घाला. आणि आत अंधारात बसून जे मुकाट्याने ऊब देते, त्याचा हेवा वाटला तर खुशाल वाटू द्या. फक्त अधूनमधून त्याची चौकशी करा. मीही आता रोज गाडी सुरू झाली की कान मागे लावतो. नवीच्या नळ्यांतून पाणी खळखळत जाते. तो आवाज ऐकला की मला थोडा राग येतो आणि फार बरे वाटते.