तिच्या नावावर सहा संगणक

खाली ऑफिस आणि वर संसार, असं ते घर होतं. खाली लोकांच्या घरांचे नकाशे निघत. सून वरचा स्वयंपाक उरकून खाली येई, दुपारी कॉलेजला जाई आणि संध्याकाळी पुन्हा खालच्या खुर्चीत बसे. वास्तुरचनेचं तिचं शेवटचं वर्ष होतं. परीक्षा झाली की ती स्वतःच्या सहीने नकाशा देऊ शकणार होती. लग्नाआधीपासून तिने एवढी एकच गोष्ट मागितली होती.

त्या दिवशी ऑफिसात नवा संगणक आला. सहावा.

"अगं, तुझा पासवर्ड सांग," नवऱ्याने जिन्यातून हाक दिली. "यावरही घालायचंय."

ती ओले हात पदराला पुसत खाली आली. "अहो, नकाशे काढायचं ते सॉफ्टवेअर मला विद्यार्थिनी म्हणून फुकट मिळालंय. माझ्या एका मशीनसाठी, तेही अभ्यासापुरतं. त्यावर धंदा चालत नाही. पाच ठिकाणी घातलंत तेव्हाही मी बोलले होते."

सासरे मनापासून हसले. "सूनबाई, घरात एक पंखा लावला तर वारा काय तुला एकटीलाच लागतो?"

ऑफिसातली माणसंही हसली. मालक विनोद करतो तेव्हा पगारी माणसाला हसावंच लागतं.

"बाबा, मी अटी वाचल्यात."

"ते बारीक अक्षरातलं चऱ्हाट कोण वाचतं? आम्हाला त्यातलं काय कळतंय! अख्खी गल्ली असंच करते."

हे मात्र खरं होतं. त्या गल्लीतल्या प्रत्येक नकाशेवाल्याकडे कुणा ना कुणा शिकणाऱ्याचं नाव राबत होतं. कुठे भाचा, कुठे उमेदवारीला आलेला पोरगा, कुठे सून. सगळे करतात म्हटलं की पाप धुतलं जातं, अशी आपल्या सभ्य लोकांची जुनी समजूत आहे. तिने पासवर्ड सांगितला. नवऱ्याने तिच्या वतीने 'मला अटी मान्य आहेत' या चौकोनावर टिचकी मारली आणि काम सुरू झालं.

एकाच विद्यार्थिनीच्या नावावर सहा ठिकाणी दिवसभर धंद्याचं काम चालतं, हे सॉफ्टवेअरच्या कंपनीला तिकडे बसून दिसत होतं. महिन्याभरात त्यांचा माणूस ऑफिसात हजर झाला. शांत, मवाळ गृहस्थ. त्याने एकच विचारलं, "हे सगळीकडे कुणी घातलं?"

"सूनबाईंनी," सासरे म्हणाले. "संगणकातलं सगळं त्याच बघतात. आम्ही जुनी माणसं."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. ज्या बोटाने त्याने टिचकी मारली होती, त्याच बोटाने तो टेबलावरची धूळ पुसत होता.

"अहो, तुम्ही सांगा ना!"

"नाव तुझंच आहे ना?" तो म्हणाला.

कंपनीने सॉफ्टवेअर बंद केलं आणि कॉलेजला कळवलं. कॉलेजने तिला परीक्षेला बसू द्यायचं नाकारलं. मुख्य बाईंना तिची दया आली. म्हणाल्या, "सासऱ्यांना घेऊन ये. आमच्या सांगण्यावरून घातलं, एवढं ते बोलले तर मी तुला बसवते. शुक्रवारपर्यंत मात्र."

सासऱ्यांनी कानांवर हात ठेवले. "ज्यातलं आपल्याला कळत नाही, त्याबद्दल साक्ष कशी देऊ?"

आणि ती त्यांना क्षमा करून बसली! खरंच कळत नसेल, वय झालंय, नियम किचकट आहेत, अशी स्वतःची समजूत घालत ती रात्रीची भांडी घासत राहिली.

बुधवारी ती सगळ्यांना पाणी घेऊन खाली आली. ऑफिस ठप्प पडलेलं. नवरा बापाला सांगत होता, "बाबा, आपली चिमीपण आता त्याच कॉलेजात आहे. तिच्या नावावर घेऊ की. फुकटच मिळेल."

चिमी म्हणजे त्याची धाकटी बहीण, पहिल्या वर्षाला.

सासरे ताडकन उठले. "खबरदार! पोरीचं नाव कुठेही लागता कामा नये. उद्या पकडलं तर तिच्या शिक्षणाचं वाटोळं होईल. सगळं स्वच्छ लिहिलेलं असतं त्या अटींत!"

तांब्या तिच्या हातातच राहिला.

"म्हणजे तुम्ही वाचलं होतंत, बाबा."

सासरे गडबडले नाहीत. चोरी उघडी पडल्यावर गडबडायला समोरच्याची भीती वाटावी लागते.

"मग आता तरी कॉलेजात चला. अजून दोन दिवस आहेत. एवढंच बोला, मी पुन्हा काही मागणार नाही."

"मी बोललो तर ऑफिसावर बालंट येईल. तू समजून घे. चिमी उद्या परक्या घरी जायची, तिला शिक्षणाचा आधार हवा. तू काय, घरचीच आहेस."

चिमी जिन्यात उभी होती. तिने सगळं ऐकलं. वहिनीकडे एकदा पाहिलं आणि अभ्यासाला वर निघून गेली. वहिनी नवऱ्याकडे वळली, तर तो संगणकाच्या मागच्या वायरी तपासू लागला होता.

शुक्रवारी कॉलेजने दिलेली मुदत संपली. त्या दुपारी सासऱ्यांनी बाजारभावाने सॉफ्टवेअर विकत घेतलं. पैसे होतेच, पहिल्यापासून होते. जेवताना ते समाधानाने म्हणाले, "आता कुणाचं ऐकून घ्यायला नको. सूनबाई, तुझी परीक्षाही नाही, तेव्हा सकाळपासूनच खाली बसत जा."

कुणीही मान वर केली नाही. तिने त्यांच्या ताटात भात वाढला.