हळदीचा वाघ

माझे सासरे लटारूजी, म्हणजे आमचे मामाजी, वाघाला भीत नसत. ते स्वतःच तसं सांगत, आणि रोज सांगत. तरुणपणी मोहर्लीच्या जंगलात तेंदूपानं तोडताना वाघ समोर आला, यांनी त्याला "चाल, बाजूले हो" म्हटलं आणि तो मुकाट्यानं झाला. ऐकायला नवा माणूस भेटला की तो वाघ हातभर लांब होई.

माझ्या सहा वर्षांच्या बिरजूला मार्कंड्याच्या जत्रेला जायचं होतं. लहान लेकरू वाटेत रडतं म्हणून सासरे त्याला दर वर्षी टाळत. त्या साली त्यानं फारच पाठ धरली, तेव्हा चारचौघांसमोर म्हणाले, "ज्या दिवशी तू मले भेव दाखवशीन, त्या दिवशी तुले खांद्यावर बसवून मार्कंड्याले नेईन."

झालं. शिवरात्र आठवड्यावर आली होती. मोठ्यांची दंडार, म्हणजे गावातलं सोंगांचं नाटक, पाहून गल्लीतल्या पोरांनी आमच्या अंगणात आपली दंडार मांडली, फाटक्या धोतराचा पडदा बांधला आणि बिरजूनं वाघाचं सोंग मागून घेतलं.

रंग करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पिवळ्यासाठी हळद कुटली आणि जवसाच्या तेलात कालवली. पांढऱ्यासाठी तांदळाचं पीठ काढलं. अंबाडीच्या दोराचं शेपूट वळून बिरजूच्या कमरेला बांधलं. काळा तेवढा राहिला होता. दिव्यावर धरलेल्या थाळीची काजळी खरवडायला मी आत गेले आणि बाहेर शेजारची सोमारी राहिली. ही आठ वर्षांची पोर, पण साऱ्या गावची अक्कल आपल्याच डोक्यात आहे अशी तिची खात्री.

बिरजू एका जागी ठरेना, त्यामुळे हळद ओघळायला लागली. सोमारीनं विचार केला, चुना भिंतीला चिकटतो, मग तोंडाला का नाही चिकटणार? तिनं मामाजींच्या तंबाखूच्या चंचीतली चुन्याची डबी आणली, हळदीत रिकामी केली आणि तीच हळद त्याला चोपडली. हळदीत चुना पडला की लालभडक होतं, हे घरोघरच्या बायांना ठाऊक. पण सोमारीचं अजून घरोघरच्या बायांत नाव लागलं नव्हतं.

मी बाहेर आले तर बिरजू टाचेपासून टाळूपर्यंत लाल. तेल भरपूर होतं म्हणून कातडं वाचलं. घासलं तर रंग आणखीच पसरला. वरून काळे पट्टे ओढून पाहिले, मिशा काढल्या, पण वाघ काही दिसेना. माझी सासू देवकाबाई ओसरीवर आली, तिनं ते लाल तोंड पाहिलं, शेपूट पाहिलं आणि हात जोडले.

"माय वं, मारुतीच आला घरी."

बिरजूनं भोकाड पसरलं. "मी वाघ होय. आता मले कोन भेईन?"

मला हसू आवरत नव्हतं आणि त्याच्यासाठी जीवही तुटत होता. सोमारीचे कान उपटावेसे वाटले, पण लोक जमायला लागले होते. मी म्हटलं, "तू डरकाळी फोड. बाकी मी पाहीन."

पाहणार काय, कपाळ.

मामाजी पुढच्या सतरंजीवर आपल्या सोबत्याला, मनसारामभाऊंना, टेकून बसले होते. दोघंही शेताकडून आले होते आणि शेतात काम नसताना आले होते. मामाजींचे डोळे मिटत होते. दोन वर्षांमागं मोहाची दारू पिऊन ते तळ्यात पडले, तेव्हा सासूनं त्यांना देवळात नेऊन शपथ घ्यायला लावली होती. मूर्तीवर हात ठेवून ते म्हणाले होते, "पुन्हा घेतली तं मारुतीराया, तूच जाब इचारायले ये."

पडदा सरला. कंदिलाच्या उजेडात बिरजू रांगत निघाला, तो थेट आजाच्या तोंडाशी. सगळा राग, सगळं रडू एकवटून त्यानं डरकाळी फोडली.

मामाजींनी डोळे उघडले. समोर वीतभर अंतरावर लाल तोंड, मिशा आणि मागं हलणारं शेपूट. ते हात जोडून आडवेच झाले.

"देवा, चुकलो. मी थोडीशीच घेतली. मनसारामानं पाजली. उरलेली धानाच्या ढोलीमागं हाये, तिले हातसुद्धा नाई लावत आता."

मनसारामभाऊ उठले आणि चप्पल न घालताच घराकडे गेले. सासू उठली. ती ढोलीमागं गेली, बाटली घेऊन आली आणि सर्वांदेखत मोरीत ओतली. लोकांची हसून मुरकुंडी वळली.

मामाजींची नशा एका क्षणात उतरली. त्यांनी नातवाला ओळखलं, अंगरखा झटकला आणि बसल्या जागी ताठ झाले.

"मी वाघाले भ्यालो नाई," ते म्हणाले.

बिरजूनं शेपूट हातात घेतलं. "वाघाले नसान भ्यालेत, आबाजी. मले तं भ्यालेत."

शिवरात्रीला तो आजाच्या खांद्यावर बसून मार्कंड्याला गेला. कानामागं रंग अजून राहिला होता. निघताना मी धुवायला पाणी काढलं, तर सासूनं माझा हात धरला.

"राहू दे वं. जत्रेत कामी येईन."