कुणाची वीत?

गोधडी मंडळात टेप आणायला बंदी होती. दाराशी झडती घेत नसत, एवढंच. "टेप वापरून वापरून सैल पडते, हात पडत नाही," असं थोरलीचं म्हणणं, आणि थोरलीचं म्हणणं म्हणजे मंडळाची घटना. पस्तीस वर्षं शाळेत कवायत शिकवलेली बाई ती. निवृत्त झाल्यावर कवायत करायला हाताशी कुणी उरलं नाही म्हणून तिने मंडळ काढलं, असं तिचा धाकटा दीर म्हणायचा. तो घड्याळजी होता, आणि हे तो फार हळू आवाजात म्हणायचा.

त्या घड्याळजीची बायको म्हणजे आपली धाकटी. दोघी जावा एकाच घरात, थोरली वरच्या मजल्यावर आणि धाकटी खालच्या. अडतीस वर्षांत वरून खाली हुकूम आला नाही असा दिवस उजाडला नव्हता. मंडळातही सगळ्या त्यांना थोरली आणि धाकटीच म्हणायच्या, आणि दोघी शेजारी उभ्या राहिल्या की कोण कुठली ते सांगावं लागत नसे. थोरली दारातून आत येताना मान खाली घालायची, ती काही विनयाने नव्हे. धाकटीला हातमोजे लहान मुलांच्या दुकानातून घ्यावे लागत, आणि तेही बोटांच्या टोकाशी रिकामे राहत.

मंडळ दर गुरुवारी तीन वाजता वाचनालयाच्या मागच्या खोलीत भरायचं. तिथे एक लांबलचक टेबल होतं, त्याचा चौथा पाय एका जाडजूड शब्दकोशावर टेकवलेला. कोपऱ्यात कापडांची तीन पोती: एकावर 'सुती', दुसऱ्यावर 'जाड' आणि तिसऱ्यावर 'बघू'. लोकांचे जुने शर्ट, पडदे, चादरी या पोत्यांतून निघायच्या आणि गोधड्या होऊन गावभर जायच्या. वृद्धाश्रमाला वीस गेल्या होत्या. अग्निशमन दलाच्या गाडीत सहा होत्या, आगीतून बाहेर काढलेल्या माणसाच्या खांद्यावर टाकायला. आणि जी गोधडी थोरलीच्या पसंतीला उतरत नसे तिच्यावर "परत!" असा शिक्का बसून ती भटक्या कुत्र्यांच्या आसऱ्याला जायची. कुत्र्यांची कधी तक्रार आली नव्हती.

ज्या बाईची गोधडी तीनदा परत येईल तिने पुन्हा कापडाला सुई लावायची नाही, असा नियम होता. तिने खिडकीजवळच्या दोऱ्याच्या टेबलाशी बसायचं आणि इतरांना सुया ओवून द्यायच्या. सध्या तिथे ग्रंथपालाची एक्क्याण्णव वर्षांची आई एकटीच बसे, आणि तीसुद्धा तिथे ऊन येतं म्हणून.

धाकटीच्या दोन झाल्या होत्या. पहिली वृद्धाश्रमासाठीची. ती पांघरून पाहताना तिथल्या एका आजोबांचे पाय घोट्यापर्यंत बाहेर राहिले. "अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं," थोरली म्हणाली होती, "पण आजोबांनी पाय कापून ठेवायचे का?" दुसरी अग्निशमन दलासाठीची. तिच्यात जेमतेम अर्धा जवान मावला. दोन्ही वेळा थोरलीने सांगितलेल्या विती धाकटीने नीट मोजल्या होत्या. बोटं दुखेपर्यंत हात ताणला होता. तरी कापड दरवेळी आखूडच भरायचं, आणि दोष आपल्याच हाताचा असं समजून ती गप्प बसायची.

पण दोऱ्याच्या टेबलाची तिला खरंच धास्ती वाटत होती. नोकरीची सगळी वर्षं तिने टेलिफोन केंद्रात काढली होती. याचं बोलणं त्याला जोडून द्यायचं आणि आपण मधून बाजूला व्हायचं. गोधडी ही आयुष्यातली पहिली अशी गोष्ट होती की जिचा पहिला टाकाही तिचा आणि शेवटची गाठही तिची. आता पुन्हा दुसऱ्यांच्या सुया ओवत बसायचं म्हणजे केंद्रातच परत गेल्यासारखं, आणि तेही बिनपगारी.

अशात रुग्णालयातून निरोप आला. बाळंतिणींच्या वॉर्डात नव्या जन्मलेल्या बाळांसाठी चाकांचे पाळणे आले होते. त्यात बाळाच्या अंगाखाली अंथरायला बारा दुपटी हवी होती. मंडळात शिवणाऱ्या बायका बारा, तेव्हा प्रत्येकीला एक. थोरलीने सगळ्यांसमोर फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"इंच-बिंच सांगू नका, सिस्टर," ती म्हणाली. "आमचं काम वितीवर चालतं. वितीने मोजा."

 पलीकडे पावलांचा आवाज गेला आणि परत आला. "रुंदीला दोन वीत, लांबीला चार वीत," सिस्टर म्हणाल्या. "पण गादीएवढंच हवं हं. बाहेर लोंबलेलं आम्हाला चालत नाही."

थोरलीने फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं. धाकटीने शाळेतल्यासारखा हात वर केला.

"वहिनी, पण कुणाची वीत?"

"कुणाची म्हणजे? वीत म्हणजे वीत! वीत काय कुणाच्या नावावर असते?"

सगळ्या हसल्या. धाकटीही हसली, कारण तेव्हा न हसणं जास्त उठून दिसलं असतं.

घरी तिने नवऱ्याचे दोन मऊ झालेले शर्ट उसवले, एक निळा आणि एक फिक्कट पिवळा. कापड टेबलावर पसरून ती अंगठा आणि करंगळी ताणताना पाहून घड्याळजीने डोळ्याचं भिंग काढलं.

"हे काय चाललंय?"

"मोजतेय."

"हे मोजणं नाही, ही शिक्षा आहे. काटा ओढून दिवस मोठा होतो का? तुझी आहे तेवढी वीत घे आणि मोकळी हो."

"आणि परत आली तर?"

"तर कुत्री आहेतच की. त्यांचा तुझ्यावर जीव आहे."

तिने त्याच्या अंगावर पिवळी बाही फेकली. पण सांगितलं ते पटलं. दोन वेळा हात ताणून काही हाती लागलं नव्हतं. निदान या वेळी खरं माप घेऊ. तिने हात सैल सोडला, सहज उघडेल तेवढा उघडला आणि दोन वीत, चार वीत मोजून खूण केली. आठ दिवस ती धावदोरा घालत होती. टाके एकसारखे आले. तिचं तिलाच आवडलं, आणि ते तिने घड्याळजीला तीनदा दाखवलं.

गुरुवारी अकरा दुपटी टेबलावर एकावर एक रचली गेली. कोपऱ्याला कोपरा जुळत होता. धाकटीने आपलं सगळ्यात वर ठेवलं, आणि खालच्याच्या चारी कडा उघड्या राहिल्या.

थोरलीने ते दोन बोटांत उचललं. "धाकटे, हे दुपटं आहे की रुमाल?"

"दोन वीत, चार वीत आहे, वहिनी. मोजून केलंय."

"मग या अकराजणींनी काय न मोजता केलंय?" थोरलीचा आवाज खाली आला. तो खाली आला की जास्त वाईट वाटायचं. "परत. हे तिसरं. नियम मी केलाय, तो घरच्या माणसासाठी मोडू कसा? पुढच्या गुरुवारपासून दोऱ्याशी बस."

बाहेर व्हरांड्यात दातांच्या डॉक्टरीणबाईंनी धाकटीला गाठलं. या बाईंचा दवाखाना बंद होऊन सात वर्षं झाली होती, पण कापडाला सुई टोचताना त्या अजून "दुखणार नाही हं" म्हणायच्या. त्यांनी पर्समधून एक सुतळी काढली. तिला गाठी मारलेल्या होत्या.

"ही थोरलीची वीत," त्या कुजबुजल्या. "एकदा ती मोजत असताना मी गुपचूप घेतली. प्रत्येकीकडे एकेक आहे. अगं, तुला कुणी सांगितलं नाही?"

कुणी सांगितलं नव्हतं. थोरलीच्या घरच्या माणसाला हे सांगायचं कसं, असं प्रत्येकीला वाटलं होतं. धाकटी सुतळीकडे बघत राहिली. आजोबांचे घोटे, अर्धा जवान, सगळं त्या सुतळीत होतं. तिला राग आला, आणि राग आल्यावर काय करतात त्याची सवय नसल्याने ती घरी गेली.

शनिवारी तिघी बसने रुग्णालयात निघाल्या. थोरली पुढे, डॉक्टरीणबाई मध्ये आणि धाकटी मागे, हातात अकरा दुपट्यांचं गाठोडं. तिच्या खांद्यावरच्या पिशवीत बारावं होतं, येताना कुत्र्यांच्या आसऱ्यावर टाकायला. आसरा पुढच्याच गल्लीत होता.

वॉर्डात पारदर्शक प्लॅस्टिकचे पाळणे ओळीने उभे होते. त्यांच्यामागून सिस्टर आल्या, म्हणजे आधी त्यांची टोपी दिसली आणि मग त्या. वरच्या फळीवरचं काही काढायला त्यांनी पायाने एक स्टूल पुढे ढकललं. स्टूल गुळगुळीत झालेलं होतं; रोजचं असावं.

थोरलीने ऐटीत आपलं दुपटं पाळण्यात अंथरलं. ते दोन्ही बाजूंनी खाली लोंबलं. सिस्टरांनी पाळणा ढकलून पाहिला, तर कड चाकात अडकली आणि पाळणा जागीच थांबला. थोरलीने दुसरं घातलं. मग तिसरं. अकराही घालून पाहिली, जणू त्यातलं एखादं तरी शेवटी शरमेने आटेल.

"फार मोठी झाली हो," सिस्टर ओशाळून म्हणाल्या. "कड दुमडून बाळाच्या तोंडावर आली तर पंचाईत होते. आम्हाला नाही वापरता येणार."

"तुम्हीच दोन वीत म्हणालात!" थोरली म्हणाली. "हाताच्या काकणाला आरसा कशाला? हे बघा." तिने गादीवर हात पसरला. एक वीत. दुसऱ्या वितीला तिची करंगळी पाळण्याच्या भिंतीवर आपटली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. थोरली तशीच उभी राहिली, आणि तिच्या मानेवर लाली चढली. अडतीस वर्षांत धाकटीने ती पहिल्यांदा पाहिली.

धाकटीची नजर मात्र पाळण्याच्या कडेवर होती. तिथे सिस्टरांचा हात टेकलेला होता. छोटासा, आखूड बोटांचा. तिला वाटलं, आपलाच आहे.

बोलावं की नाही? गप्प बसलं तर काहीच बिघडणार नव्हतं. अकरा दुपटी परत गेली असती, बारावं कुत्र्यांना मिळालं असतं, आणि ती दोऱ्याशी उन्हात बसली असती. ती पुढे झाली. 

"वहिनी, मी त्या दिवशी विचारलं होतं. कुणाची वीत?"

सिस्टरांनी आपल्या हाताकडे पाहिलं. "माझीच की! टेप कुलपात होती, दुसरी कुणाची घेणार?" आणि त्यांनी गादीवर हात ठेवला. एक वीत, दोन वीत. करंगळी बरोबर कडेला टेकली.

धाकटीने पिशवीतून बारावं दुपटं काढून अंथरलं. ते चारी कोपऱ्यांत असं बसलं की हाताने सारखं करायचंही काम उरलं नाही. शेजारी एक बाळ दुमडलेल्या चादरीवर पडलं होतं. सिस्टरांनी त्याला उचलून निळ्या-पिवळ्या तुकड्यांवर ठेवलं. बाळाने मूठ उघडली, मिटली आणि जांभई दिली. 

"अशी आणखी अकरा द्या," सिस्टर म्हणाल्या. "कुणी केलंय हे?"

"आमच्या मं..." थोरलीने सवयीने सुरुवात केली आणि ती थांबली. डॉक्टरीणबाईंनी छताकडे पाहिलं.

"आमच्या धाकटीनं," थोरली म्हणाली. मोठ्याने, मैदानावर म्हणाली असती तसं. दोन बाळं जागी झाली.

परतताना पुढच्या गल्लीत थोरली एकटीच कुत्र्यांच्या आसऱ्यात शिरली आणि स्वतःचं दुपटं देऊन आली. "नियम म्हणजे नियम," एवढंच बोलली. "माझं पहिलं परत." बसमध्ये तिने धाकटीला खिडकीची जागा दिली.

गुरुवारी मंडळ भरलं. धाकटी आपणहून दोऱ्याच्या टेबलाकडे वळली, कारण नियम मागे घेतल्याचं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"तिकडे कुठे?" थोरली गरजली. तिने टेबलावर नवी सुतळी पसरली होती आणि शेजारी कात्री. "इकडे ये. हात ठेव."

बाकीच्या दहाजणी मान पुढे काढून बघत होत्या. काहीजणींनी आपापल्या पर्स हळूच बंद केल्या. धाकटीने सुतळीवर हात ठेवला. एवढे डोळे आपल्या हातावर लागलेले पाहून तिला जुनी धास्ती वाटली, आणि बोटं दुखेपर्यंत तिने हात ताणला.

थोरलीने आपला भलामोठा पंजा तिच्या हातावर ठेवला. धाकटीचा हात त्याखाली दिसेनासा झाला.

"ताणू नकोस गं," ती म्हणाली. "तुझी आहे तेवढीच हवी."