पंधराची की सातची

माझ्या जुन्या पंधरा सीटच्या व्हॅनने सोमवारी मान टाकली आणि माझ्या मुलीला, ट्रिशाला, आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"डॅड, आता तरी सातची घे. छोटी, घरगुती. सत्तरीत कसली दुसऱ्यांची पोरं वाहतोयस?"

तिचं चूक नव्हतं. आमच्या ओहायोतले आमिश लोक धर्माच्या नियमामुळे मोटार घेत नाहीत, चालवत नाहीत; दुसरा चालवत असेल तर मात्र खुशाल बसतात. वीस वर्षं मी त्यांना लग्नांना, मयतांना, दातांच्या डॉक्टरकडे नेतोय. पूर्वी माझी बायको लोर्ना शेजारी बसून अखंड बडबडायची. ती गेली त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून मागे तेरा-चौदा जण आपल्या बोलीत खिदळतात आणि पुढे मी एकटा. मागे दाटीवाटी झाली तरी माझ्याशेजारी येऊन कुणी बसेल तर शपथ. म्हणजे काय, मी नुसता ड्रायव्हर! मनाला लागलं होतं ते. म्हणून ठरवलं, सातचीच घ्यायची आणि हळूहळू हे काम सोडून द्यायचं.

गाड्या विकणारा म्हणाला, पंधराची आणि सातची, दोन्ही संध्याकाळपर्यंत धरून ठेवतो. मी ट्रिशाची गाडी घेतली आणि मास्ट मंडळींकडे गेलो. अ‍ॅटली मास्ट, त्याची बायको फॅनी आणि त्यांची आठ मुलं दर महिन्याला माझ्याबरोबर शेजारच्या इंडियाना राज्यात जातात. तिथे फॅनीचे वडील अंथरुणाला खिळलेत. येत्या शनिवारी जायचं ठरलंच होतं, कारण डॉक्टर म्हणाले होते की आता फार दिवस नाहीत. अशा वेळी तोंड चुकवणं बरं दिसलं नसतं.

फॅनी स्वयंपाकघरात शेवया कापत होती. आता सातची घेतोय, मी चटकन बोलून टाकलं. वाटलं, भांडतील, निदान कुरकुरतील. खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं. पण अ‍ॅटली दाढी कुरवाळत शांतपणे म्हणाला, "ठीक आहे, ग्लेन. तुमचंही वय झालं."

"दिसतंही," फॅनी म्हणाली आणि हसता हसता तिने डोळे पुसले. मग ती बोटं मोजू लागली. "थोरले चौघे दूध काढायला थांबतील. अ‍ॅटली, मी आणि धाकटे तिघे. झाले पाच."

भांडी धुणाऱ्या तेरा वर्षांच्या वर्नाचे हात थांबले. "मग मी?"

"तू पुढच्या खेपेला."

"पुढच्या खेपेला आजोबा असतील?"

फॅनी पुन्हा शेवया कापू लागली. मला भयंकर अपराधी वाटलं, आणि त्यात हा हिशेबही चुकलेला.

"पाच कसे?" मी जरा चिडूनच म्हणालो. "सहा जण बसतात. माझ्याशेजारची सीट धरली नाहीस तू."

फॅनीने वर पाहिलं. "ती लोर्नाची ना?"

"म्हणजे?"

"तुम्ही म्हटल्याशिवाय तिच्या जागेवर कसं बसायचं? तिला पोचवून आलो त्या दिवशीच अ‍ॅटलीने पोरांना बजावलंय."

"तीन वर्षं? अगं, एकदा विचारायचं तरी!"

"आम्हाला वाटलं, तुम्हाला बरं वाटलं की तुम्हीच सांगाल," अ‍ॅटली खाली बघत म्हणाला.

मी त्यांची वाट बघत होतो आणि ते माझी. आणि आता माझ्या बायकोची जागा राखायची म्हणून ही माणसं पोटची पोर मागे ठेवायला निघाली होती. मला रडू फुटलं. चक्क त्या पिठाळ टेबलावर कोपरं टेकून, सत्तर वर्षांचा घोडा, मी हमसून हमसून रडलो. फॅनीने शेवया तेवढ्या बाजूला सरकवल्या.

मग मी खिशातून फोन काढला आणि त्या गाड्या विकणाऱ्याला सांगितलं, पंधराची ठेव. ट्रिशाला काय सांगायचं ते नंतर बघू.

शनिवारी पहाटे दहाही जण आले. मी पुढचं दार उघडून धरलं. वर्नाने एकदा बापाकडे पाहिलं, झगा सावरला आणि ती बसली.

"त्या कशा होत्या हो?" गाव मागे पडल्यावर तिने हळूच विचारलं. "मागे बसून मला फक्त त्यांचा आवाज यायचा."

मी सांगू लागलो. मागचं खिदळणं केव्हा थांबलं ते मला कळलंही नाही.

"ग्लेन," शेवटच्या सीटवरून फॅनी ओरडली, "जरा मोठ्याने सांगा. इथे ऐकू येत नाही."