कोरडं तोंड, ओला दुपट्टा

मित्रांनो, मी एक जुनी कुपी आहे. आहे म्हणते खरी, पण काच मघाशीच फुटली. आता मी नुसतं औषध. अ‍ॅट्रोपिन. धोतऱ्यात सापडतं तेच.

कामठ्याकडच्या एका लहान दवाखान्यात मी खणात पडून होते. लोक तापाच्या गोळ्या मागत. मला कोण मागणार? तारीख उलटेल, फेकून देतील, हीच धाकधूक.

मग तिलक या शेतकऱ्याला आणलं. धानावरच्या तुडतुड्यांवर कीटकनाशक फवारताना वारा उलटा फिरून ते त्याच्याच अंगावर आलं होतं. तोंडाला फेस, छातीत पाण्याची घरघर. निशा सिस्टरनं त्याचे कपडे काढले, अंग धुतलं आणि माझी मान मोडली.

आत शिरले.

नसा एक निरोप्या धाडतात, इवलासा रेणू. तो ग्रंथीवरच्या आपल्या जागेवर बसतो, पाणी सोड म्हणतो आणि लगेच एक कात्री त्याला कापून टाकते. विषानं त्या कात्रीचं तोंडच बांधलं होतं. निरोपे मरेनात. पाणी सोड, पाणी सोड, पाणी सोड.

मी थोडी त्या निरोप्यासारखीच. त्याच्या जागेवर जाऊन बसते. बोलत मात्र काही नाही. कात्री मला सोडवता येत नाही. जागा अडवायची, बस.

घरघर थांबली.

पुन्हा सुरू झाली. माझ्यामागून खणातल्या बहिणी, आणखी कुप्या आल्या, त्याही बसल्या. पुन्हा फेस. नवं विष येतच होतं. कुठून? आतून मला दिसेना.

"भाभी, काय करून राहिल्या?" बाहेर निशा म्हणाली.

"तोंड पुसून राहिली ना," तिलकची बायको रामकली म्हणाली. "दुसरं काय करू?"

"दुपट्टा कोनाचा?"

"त्याइचाच. फवारताना तोंडाले बांधला होता."

निशानं तो विषानं भिजलेला दुपट्टा हिसकावून घेतला. तिलकचं तोंड धुतलं, रामकलीचे हातही साबणानं धुवायला लावले.

मग फेस परत आला नाही. काळीज तेवढं धडधडत राहिलं. त्याला हळू चाल सांगणाऱ्या निरोप्याचीही जागा मीच अडवली होती ना.

संध्याकाळी तिलकची जीभ हलली. "तोंड वाळून राहिलं. माहा दुपट्टा कोठं हाय?"

"फेकला," रामकली म्हणाली. "तुमच्याहून जास्त तोच पेला होता."

कोरडं तोंड ही माझीच खूण. आता लघवीवाटे मी निघून जाईन. जाता जाता एवढंच, मित्रांनो. असा माणूस तडक दवाखान्यात न्या, पण फवारणीचं कापड त्याच्याजवळ राहू देऊ नका, मायेनंसुद्धा. आतली जागा मी अडवीन. बाहेरचं दार तुम्ही अडवा.