चिमणाबाईंच्या कपाटातल्या तीन गाठी

या मित्रांनो, असं जरा जवळ येऊन बसा. मागं बसलेल्यांनीही पुढं सरकावं. बुवा कीर्तनात म्हणतात तसं, मधे जागा राहिली की गोष्ट तिथंच सांडते. माझा आवाज मोठा नाही. खरं सांगायचं तर आता मला आवाजच उरलेला नाही. तो कसा गेला, आणि तो गेल्यावर एका माउलीचं काय हरवलं, ती गोष्ट आज तुम्हांला सांगतो.

मी एक जुनं लोखंडी कपाट आहे. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका घरात, खालच्या झोपायच्या खोलीत, खिडकीला लागून उभा आहे. माझा जन्म उद्यमनगरातला. बाळासो नावाच्या कारागिरानं पत्रा कापून, वाकवून, वेल्डिंग करून मला घडवलं, अंगावर हिरवा रंग मारला आणि उजव्या दाराला आरसा बसवला. मला हातगाडीवर चढवताना त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "तीन पिढ्या हलायचं न्हाय बघा हे." तो शब्द मी आजवर पाळला आहे. हलता आलं असतं तर बरं झालं असतं, असं मात्र अलीकडं फार वाटतं.

या घरात आलो त्या दिवशी चिमणाबाईंनी मला हळदकुंकू लावलं आणि आतल्या लहान कप्प्यात अंबाबाईचा फोटो ठेवला. चिमणाबाई या घरच्या कर्त्या बाई. माहेर राधानगरीकडचं, भातशेतीचं. नेसणं नऊवारी, बोलणं मोठ्यानं आणि मन मात्र लोण्याचं. खिडकीपलीकडं दत्ताचं देऊळ आहे. दर गुरुवारी तिथं कीर्तन होतं. चिमणाबाई पहिल्या रांगेत. गुडघे दुखायला लागल्यावर त्या इथंच पलंगावर बसायच्या, पाठ मला टेकायची आणि खिडकीतून येणारं कीर्तन ऐकायचं. त्यांच्या पाठीतून ते माझ्या पत्र्यात उतरायचं. पस्तीस वर्षं खिडकीशी कीर्तन ऐकत उभं राहिल्यावर लोखंडाच्या पोटातसुद्धा थोडी भक्ती साठतेच, मित्रांनो.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. लग्न असो, बारसं असो, घरभरणी असो, आहेर आल्या-गेल्याशिवाय कार्य पुरं होत नाही. आलेल्या साड्या, खण, टॉवेल-टोप्या माझ्या पोटात यायच्या आणि पुढच्या कार्याला त्यातलंच काही बाहेर जायचं. सांभाळायचं एवढंच, की ज्यानं दिलं त्याच्याच दारी ते परत जाऊ नये. लिहिता-वाचता येणाऱ्या बायका साडीला चिठ्ठी टाचतात. चिमणाबाईंना अक्षर येत नव्हतं. म्हणून त्या पदराच्या टोकाला गाठ मारायच्या. एक गाठ म्हणजे कुणालाही द्यावी. दोन गाठी म्हणजे भावकीतून आलेली, भावकीत देऊ नये. आणि तीन गाठी म्हणजे कुणालाच द्यायची नाही.

तीन गाठींची साडी माझ्या पोटात एकच होती.

ती आणली आकारामनं, चिमणाबाईंच्या धाकट्या भावानं. दर भाऊबीजेला तो यायचा, साडी मात्र त्याची बायको अंबूबाई निवडून द्यायची. तीन वर्षांपूर्वी अंबूबाई आजारी होती. मग या गड्यानं आयुष्यात पहिल्यांदा स्वतः दुकानात जाऊन साडी घेतली. जांभळी इरकल, तांबडे काठ. ओवाळून झाल्यावर चिमणाबाईंनी ती उलगडली आणि हसू लागल्या.

"आकाराम, अरं ही सहावारी हाय की. मी कवा नेसलेली बघितलीस सहावारी?"

आकारामचा चेहरा उतरला. "दुकानदारानं इचारलंच न्हाय, आक्का. रंग तेवढा मी बघितला. बदलून आणतो उद्या."

"बस खाली. बदलायला काय ते टमाटं हाय?" चिमणाबाईंनी साडी छातीशी धरली. "मी जाईन तवा माझ्या अंगावर ही घालायची. तवा काय कुणी नऊवारी नेसवत बसतंय? माहेरची साडी अंगावर पडली म्हंजे झालं."

"काय बी बोलू नगंस सणाच्या दिवशी," आकाराम म्हणाला. पण त्यालाही ते पटलेलं दिसलं. आमच्याकडं बाईनं शेवटच्या प्रवासाला माहेरची साडी घालून जावं, अशी रीत आहे. एरवी ती साडी माहेरचे तेव्हा घेऊन येतात. पुढच्याच पौषात आकाराम गेला. चिमणाबाईंनी त्या जांभळ्या साडीच्या टोकाला तीन गाठी घट्ट मारल्या आणि सर्वांत वरच्या कप्प्यात, अगदी आत ठेवली. गुरुवारी कीर्तन संपलं की त्या दार उघडून तिच्यावरून एकदा हात फिरवायच्या आणि दार लावायच्या.

पुढं माझे हाल सुरू झाले. चिमणाबाईंचे गुडघे वाकेनात, वरपर्यंत हात पोचेना, आणि घरातल्या प्रत्येकानं, जे कुठं ठेवायचं कळत नाही ते माझ्यात कोंबायला सुरुवात केली. न चालणारा मिक्सर, कुणाकुणाचे एक्सरे, फुटक्या हँगरांचा झुबका, प्लास्टिकच्या पिशव्यांनी भरलेली प्लास्टिकची पिशवी, लग्नात मिळालेले आणि कधीच न घातलेले फेटे. डावं दार लागेना. चिमणाबाईंचा मुलगा पृथ्वीराज, जो कागलच्या एमआयडीसीत नोकरीला आहे, त्यानं त्याला सुतळी बांधली. माझ्या कण्यात कळ यायची. उघडताना बिजागरी कुईं करून ओरडायची. तेवढाच माझा आवाज होता, मित्रांनो, आणि मी तो पोटभर वापरायचो.

गेल्या श्रावणात चिमणाबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं, आणि बोलणंही गेलं. सगळ्या शब्दांतून एकच शब्द जिभेवर राहिला: "व्हय." भूक लागली का? व्हय. दुखतंय का? व्हय. पंखा नको ना? व्हय. डॉक्टर म्हणाले, असं होतं, मनात वेगळं असतं आणि तोंडातून तेवढंच येतं. पृथ्वीराज हसवायला म्हणायचा, "जन्मभर आमाला न्हाय म्हणत आली, आता समदं फेडती." चिमणाबाईही हसायच्या, अर्ध्या तोंडानं. त्याच्या बायकोला, प्रियदर्शनीला, तेवढ्यात डोळे पुसायला पदर लागायचा.

ही प्रियदर्शनी वाईट नाही. हे मी आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढं तुम्ही तिच्यावर रागवाल. सासूचं सगळं हातानं करते, आणि करताना नाक मुरडत नाही. घट बसायच्या आधी आमच्याकडं घरादाराची झाडलोट होते. तेव्हा तिनं माझ्याकडं पाहिलं आणि कंबर कसली. आईंची औषधं, गाऊन, चादरी हाताशी हव्यात, म्हणून ती माझं पोट रिकामं करायला बसली. मोबाइलवर कपाट कसं लावायचं ते बघून बघून. मिक्सर गेला, एक्सरे गेले, सुतळी सुटली. ओल्या फडक्यानं तिनं माझे कप्पे पुसले. काय सांगू, इतक्या वर्षांनी मला श्वास घेता आला. मी मनातल्या मनात तिला आशीर्वाद देत होतो.

मग तिनं साड्या काढल्या. प्रत्येकीच्या टोकाला गाठ. "ह्या गाठी कसल्या म्हणायच्या?" ती पुटपुटली. तिला वाटलं, कसर लागू नये म्हणून काहीतरी जुनी युक्ती असेल. एकेक गाठ तिनं सोडली, एकेका साडीला इस्त्री केली. तीन गाठींना फार वेळ लागला. नखं दुखली तिची. इस्त्री दोनदा फिरवली तरी त्या टोकाला बारीक वळ्या राहिल्याच.

ही सहावारी आहे हे तिच्या लक्षात आलं. आई तर नऊवारी नेसतात, म्हणजे ही आहेराचीच असणार. तिचा हिशोब सरळ होता, मित्रांनो. आणि तरीही तिनं विचारलं. ती साडी घेऊन पलंगापाशी गेली.

"आई, ही चांगली आहे ओ. शिरोळला बापूसोंच्या घरभरणीला देऊ का चंदनावहिनींना?"

चिमणाबाईंचे डोळे मोठे झाले. "व्हय," त्या म्हणाल्या. "व्हय. व्हय. व्हय."

त्यांचा डावा हात पलंगाच्या कडेवर आपटत होता. मी बघत होतो. माझ्या आरशात त्यांचा सगळा चेहरा दिसत होता. प्रियदर्शनीचं तिकडं लक्ष नव्हतं. ती साडीची घडी बघत होती.

"बरं बाई, एवढी आवडली तर देऊयाच," ती हसून म्हणाली आणि साडी माझ्यात ठेवली. त्या कप्प्याला तिनं चिठ्ठी चिकटवली: आहेर.

मी काय करू शकत होतो? एकच गोष्ट. दार लावताना मी जिवाच्या आकांतानं ओरडलो. कुईं.

"एवढंच राहिलं बघ," प्रियदर्शनी म्हणाली. ती स्वयंपाकघरातून तेलाची वाटी घेऊन आली, वात बुडवली आणि माझ्या चारी बिजागऱ्यांत तेल सोडलं. प्रेमानं सोडलं. त्या क्षणापासून मी मुका आहे.

दसऱ्याच्या सकाळी माझं दार आवाज न करता उघडलं. बापूसो पृथ्वीराजच्या कंपनीतले, चंदना त्यांची बायको. शिरोळला त्यांनी नवं घर बांधलं होतं. प्रियदर्शनीनं जांभळी साडी पिशवीत घातली, वर नारळ ठेवला. चिमणाबाई पलंगावरून माझ्याकडं आणि मी त्यांच्याकडं बघत राहिलो. एकीला एकच शब्द आणि दुसऱ्याला एकही नाही. देवळात त्या दिवशी बुवा सांगत होते की देवाला मुक्याची हाक आधी ऐकू जाते. मी म्हटलं, देवाला जाईल हो. पण सुनेला?

त्यानंतर चिमणाबाई जेवेनात. तोंड फिरवायच्या. खाऊ घालताना प्रियदर्शनी विचारायची, "बरं वाटत नाही का?" तर, "व्हय." डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या.

भाऊबीजेला अंबूबाई आली, राधानगरीहून. नवरा नसला तरी तिनं नेम मोडला नव्हता. नणंदेच्या पायाशी बसली, कपाळाला कुंकू लावलं आणि सहज म्हणाली, "वन्सं, आमच्या मालकांची साडी हाय न्हवं बरी? बघू द्या एकदा. डोळं निवतील माझं." ती उठून माझ्यापाशी आली. वरच्या कप्प्यात औषधं होती. तिनं सगळे कप्पे पाहिले, एकेका पदराचं टोक चाचपलं.

"पोरी, ह्यातल्या गाठी कुठं हायत? तीन गाठींची जांभळी साडी कुठं हाय?"

प्रियदर्शनी चहा घेऊन आली होती. "गाठी मी सोडल्या मामी. इस्त्री करायला. का?"

अंबूबाईनं सांगितलं. फार शब्द लागले नाहीत. प्रियदर्शनी कपबशी हातात धरून ऐकत होती. मग ती खाली ठेवायला जागा शोधू लागली आणि समोर टेबल असून तिला ते दिसेना.

"पण मी विचारलं होतं," ती हळू म्हणाली. "त्या व्हय म्हणाल्या."

पलंगावरून आवाज आला, "व्हय."

त्याच दुपारी प्रियदर्शनी शिरोळला गेली. संध्याकाळी परतली तेव्हा हात रिकामे होते. ती पृथ्वीराजला सांगत होती, म्हणून मला कळलं. चंदना बिचारी कानकोंडी झाली होती. "आक्का, आहेराला आलेली लुगडी तवाच परतीच्या आहेरात वाटली की. दीडशे बायका हुत्या. कुणाच्या वटीत कुठली गेली, कसं सांगू?" तरी चंदनानं आठवतील त्या घरी फोन केले. प्रियदर्शनीनं आणखी केले. कुणी म्हणालं, आमच्याकडं हिरवी आली. कुणी म्हणालं, आली होती तशी एक, पण आम्ही ती पुढच्या बारशाला दिली. त्यापुढं माग लागला नाही.

अंबूबाई जाताना म्हणाली, "मी दुसरी आणीन गं. पर त्येंच्या हातची न्हवं ती."

ती गेल्यावर प्रियदर्शनीनं माझ्या दाराला कपाळ टेकलं आणि रडली. माझा थंड पत्रा, मी काय समजूत घालणार. मग ती पलंगाशी जाऊन खाली बसली. चिमणाबाईंनी डावा हात उचलला. तो सुनेच्या केसांवर येऊन थांबला. "व्हय," त्या म्हणाल्या. रात्री भाताचे चार घास त्यांनी खाल्ले.

आता मी नीटनेटका आहे. माझं दार लागतं, माझ्यात पसारा नाही. प्रियदर्शनी दर गुरुवारी मला आवरते, पण आता तिची पद्धत निराळी आहे. एकेक वस्तू ती आधी आईंच्या डाव्या हाताखाली धरते आणि तोंडाकडं न ऐकता हाताकडं बघते. हात वस्तूवर राहिला तर ती वस्तू राहते. हात बाजूला झाला तर जाते. वेळ लागतो. कीर्तन संपतं तरी दोन कप्पे उरलेले असतात. आणि सर्वांत वरचा कप्पा, अगदी आतला, तिनं मोकळा ठेवला आहे. त्याला चिठ्ठी नाही.

मित्रांनो, पसारा आवरणं चांगलंच. माझ्यासारख्या कपाटाची तीच सेवा. पण आपल्याला जो पसारा दिसतो, तो कुणीतरी आपल्या खुणांनी लावलेला असतो. त्या खुणा सोडण्याआधी त्या माणसाशेजारी थोडा वेळ बसा. तोंडानं सांगता येत नसेल तर डोळे बघा, हात बघा. आणि जुन्या दाराच्या बिजागरीत तेल सोडण्याआधी ते का ओरडतंय, तेही एकदा ऐका.

एवढं सांगून मी थांबतो. मला हलता येत नाही, शोधायला जाता येत नाही, म्हणून हे मागणं तुमच्याकडं. तुमच्या घरी आहेरात कधी जांभळी इरकल आली, तांबड्या काठांची, सहावारी, तर तिच्या पदराचं टोक उजेडात धरून बघा. तिथं इस्त्रीनंही न गेलेल्या तीन बारीक वळ्या असतील. दिसल्या तर ती साडी पुढं कुणाला देऊ नका. आणि नाहीच दिसल्या, तरी मंगळवार पेठेत एका खिडकीपाशी डावा हात माझ्या दाराला लावून कीर्तन ऐकत बसलेल्या चिमणाबाईंची आठवण ठेवा.