मुलींचा तास

नव्या हॉलच्या दारातच बाई थबकल्या. संध्याकाळचा मुलींचा तास, दिव्यांचा लखलखाट, बॅडमिंटनचं जाळं ताणून बांधलेलं, आणि आत चिटपाखरू नाही.

बाईंनी याच कॉलेजात जन्मभर खेळ शिकवला होता. त्यांच्या काळी मुली हॉस्टेलमागच्या बोळात, उंच भिंतीआड खेळायच्या. हसणं जरा मोठं झालं की रेक्टरबाई कडी वाजवायच्या. म्हणून नवा हॉल व्हायचं ठरलं तेव्हा निवृत्त बाई भांडभांड भांडल्या: चारी बाजूंनी काच हवी. माझ्या मुली आता लपून खेळणार नाहीत!

"पाहिलंत ना?" क्रीडाविभागाचे सर म्हणाले. ते बाईंचेच जुने विद्यार्थी. "आजही कोणी आलं नाही, तर उद्यापासून हा तास मुलांच्या संघाला. माझाही नाइलाज आहे, बाई."

बाई तणतणत हॉस्टेलवर गेल्या. नात तिथेच राहायची. तिची खोलीतली मैत्रीण दूर देशाहून शिकायला आलेली.

"तुझ्या घरी खेळलेलं चालत नाही का गं?" बाईंनी तिला कीव येऊन विचारलं.

"चालतं की, आजी. घरी भावांना दमवते मी. पण परक्या पुरुषांसमोर नाही. त्या हॉलमध्ये शोकेसमधल्या बाहुलीसारखं वाटतं."

"आणि तुला गं कोणी बांधून ठेवलंय?" बाई नातीवर घसरल्या. "तोकड्या चड्डीत गावभर हिंडतेस ती!"

नातीने मोबाइल पुढे केला. काचेबाहेरून कोणीतरी चोरून केलेला व्हिडिओ. नात उडी मारते, पडते, कपडे सावरते. खाली तिच्या अंगाबद्दल काहीबाही लिहिलेलं. दुसरी ओळ बाईंना वाचवेना.

"कोणी केलं हे?"

"कोण जाणे. सगळ्या कॉलेजने पाहिलंय."

"मला बोलली नाहीस?"

"कशी बोलू? 'ही काच माझ्यामुळे झाली' असं तू सगळ्यांना सांगत फिरतेस."

बाई मटकन खाटेवर बसल्या. मैत्रिणीने पाणी दिलं, ते त्यांनी बाजूला ठेवलं.

"चादरी काढा," बाई एकदम म्हणाल्या. "सगळ्या खोल्यांमधल्या."

हॉलवर चादरींचा ढीग पाहून सर हबकलेच. "बाई, शोभा जाईल हो हॉलची! एवढी भांडून घेतलेली काच!"

"घेतली. अक्कल चरायला गेली होती माझी. तू शिडी धर."

फुलाफुलांच्या, विटक्या, ठिगळाच्या चादरी काचेवर लागल्या. मुली दोघी-तिघी करत आल्या. मैत्रिणीने पहिलाच फटका असा मारला की बॅडमिंटनचं फूल छताला लागलं. नात मात्र रॅकेट धरून नुसतीच उभी. तिची नजर दोन चादरींमधल्या फटीवर.

"आजी, तिथून दिसतं का गं?"

बाई गेल्या आणि त्या फटीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"नाही दिसत," त्या म्हणाल्या. "खेळ तू."